कापूर तुळस

पूर्व आफ्रिकेत रानटी वाढणारी तुळशीची एक जाती. शास्त्रीय नाव ऑसिमम किलिमँडशॅरिकम. ते किलिमांजारो पर्वतावरून पडले आहे. पुदिना, सब्जा आणि अंगणातली तुळस ज्या लॅमिएसी कुलात येतात, त्याच कुलातली ही. टांझानिया, केनिया, युगांडा व इथिओपिया हा तिचा मूळ प्रदेश.

झुडूप बहुवर्षायू, १ ते २ मी. उंच, बुंध्याशी लाकडी. कोवळ्या फांद्या चौकोनी. पाने समोरासमोर, दातेरी, लवीमुळे करडी हिरवी दिसतात. फुले पांढरी ते फिकट जांभळी असून त्यांवर मधमाश्या येतात. पान चुरगळताच कापराचा वास येतो.

पानांचे बाष्प-ऊर्ध्वपातन केले की तेल मिळते. अनेक नमुन्यांत या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग कापूरच असतो, काहींत मात्र सिनिओलचे (निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक) प्रमाण जास्त भरते. त्यामुळे लागवडीसाठी वाण निवडताना तेल तपासणे शहाणपणाचे. नैसर्गिक कापूर पूर्वापार कापराच्या झाडाचे लाकूड उकळून काढत, आणि त्यासाठी तैवानात जुने वृक्ष बेसुमार तोडले गेले. या झुडपाची मात्र फक्त छाटणी करायची. ते पुन्हा फुटते. असे असूनही आरतीच्या तबकातला कापूर आज बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेला असतो. स्वस्ताईपुढे तुळशीचे काही चालले नाही.

पश्चिम केनियात तिला खरी बाजारपेठ मिळाली. काकामेगा जंगलालगतच्या मुलिरू शेतकरी गटाने तिची लागवड करून तेल काढले आणि त्यापासून ‘नॅच्युरब’ हे सर्दी, अंगदुखी व कीटकदंशावरचे मलम बाजारात आणले. जंगलावरचा भार हलका करणारी मिळकत म्हणून या गटाला २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार लाभला. पूर्व आफ्रिकेत साठवलेल्या धान्यात सोंडे होऊ नयेत म्हणून वाळलेली पाने मिसळतात, तर डास पळवायला पानांचा धूर करतात. धूर करण्यापेक्षा पाने निखाऱ्यावरच्या पत्र्यावर नुसती तापवणे अधिक परिणामकारक, असे केनियातील चाचण्यांत आढळले.

महाराष्ट्रातील रोपवाटिकांत ‘कापूर तुळस’ म्हणून रोपे मिळतात. तिचे तेल पोटात घेऊ नये. कापूर लहान मुलांना विशेष घातक ठरतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात १९८३ मध्ये ही जाती आणि जांभळ्या पानांचा ‘डार्क ओपल’ सब्जा यांच्या संकरातून ‘आफ्रिकन ब्लू’ हा वाण आपोआप उगवला. त्याला बी धरत नाही, म्हणून रोपे छाटकलमानेच करावी लागतात. हा वाण काही जण स्वयंपाकातही वापरतात, पण कापराचा वास त्यातही उतरला असल्याने तो सर्वांनाच रुचतो असे नाही.