आठवीत ठरणारे बारावीचे गणित

अमेरिकेत मुलाने बारावीला एबी कॅल्क्युलस (कलनशास्त्राचा महाविद्यालयीन दर्जाचा अभ्यासक्रम) घ्यावे, बीसी (त्याचेच विस्तारित रूप) घ्यावे की संख्याशास्त्र, या प्रश्नाने तेथील मराठी पालक बुचकळ्यात पडतात, कारण महाराष्ट्र बोर्डाच्या शाळेत बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी, दोन स्वतंत्र पेपर म्हणून शिकण्याची त्यांना सवय असते. अमेरिकेतील बहुतेक शाळांत मात्र बीजगणिताचे एक वर्ष, मग भूमितीचे, मग दुसऱ्या बीजगणिताचे आणि त्यानंतर प्रीकॅल्क्युलसचे, म्हणजे कॅल्क्युलसच्या पूर्वतयारीचे, असा क्रम असतो. नववीत बीजगणित सुरू केलेल्या मुलाची बारावी प्रीकॅल्क्युलसमध्येच संपते; कॅल्क्युलस गाठायचे तर बीजगणित आठवीतच सुरू व्हावे लागते.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली शालेय अभ्यासक्रमाचा विचार करण्यासाठी 1892 मध्ये नेमलेल्या दहा जणांच्या समितीच्या गणितविषयक अहवालाने बीजगणित चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावे आणि वर्षभरानंतर भूमिती त्याच्या जोडीने चालवावी, असे सुचवले होते. जोडीने शिकवण्याची ही सूचना बहुतेक ठिकाणी रुजली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

या क्रमाच्या टोकाला कॅल्क्युलस बसवले ते 1950 च्या दशकात. शाळेत असतानाच महाविद्यालयीन दर्जाचा अभ्यास करता यावा, यासाठी आखलेला अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हा उपक्रम 1955 मध्ये कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने हाती घेतला. 1957 मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर गणित-विज्ञानाचे शिक्षण हा राष्ट्रीय संरक्षणाचा प्रश्न बनला आणि 1958 च्या कायद्याने त्यासाठी केंद्राचा पैसा आला. 1969 मध्ये कॅल्क्युलसच्या परीक्षेचे एबी आणि बीसी असे दोन भाग झाले. बीसीमध्ये एबीचा सगळा भाग येतोच, शिवाय अनंत श्रेणींसारखे विषय वाढतात. त्याच्या निकालात एबीच्या भागाचे गुण वेगळेही दाखवले जातात. त्यामुळे बीसी घेणाऱ्याने एबी सोडले, असे होत नाही.

पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये 1974 साली रुजू झालेले गणिताचे शिक्षक हाइमे एस्कलांते यांचे 18 विद्यार्थी 1982 मध्ये कॅल्क्युलसची ही परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांपैकी 14 जणांवर कॉपी केल्याचा संशय घेण्यात आला, 12 जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सर्वच्या सर्व उत्तीर्ण झाले. या यशामागे खालच्या वर्गांतल्या बीजगणितापासून केलेली अनेक वर्षांची मशागत होती.

1997 मध्ये याच उपक्रमात संख्याशास्त्राची परीक्षा सुरू झाल्यावर कॅल्क्युलसखेरीज दुसरी वाट खुली झाली. तिला दुय्यम समजणे मला अन्यायाचे वाटते. खरा वाद अजूनही खालच्या पायरीवरच चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी सर्वांना समान संधी मिळावी म्हणून 2014 मध्ये आठवीतील बीजगणित बंद केले. त्यानंतर कॅल्क्युलस हवे असणाऱ्या मुलांना एकाच वर्षी गणिताचे दोन विषय किंवा दोन विषय एकत्र करणारा जोडअभ्यासक्रम घेऊन ते वर्ष भरून काढावे लागले, आणि 2024 मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने ते बीजगणित परत आणण्याचा निर्णय घेतला.