आजार मनाचा की मेंदूचा, हे ठरवतं कोण?

कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस संध्याकाळी घाबराघुबरा होतो, असंबद्ध बोलायला लागतो. विदर्भातल्या गावात कोणी म्हणतं बाहेरचं लागलं, कोणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला. अशा वेळी आधी त्याचे डोळे बघावेत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तोंडातून लाळ आणि अंगाला दरदरून घाम असेल, तर फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष अंगात भिनलं, की मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन वेळेवर मोडलं जात नाही, साचत जातं. लाळ त्यानेच सुटते, आणि भीतीही त्यानेच दाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यात याच प्रकारच्या विषांचाही वाटा होता.

ही भीती मनाची की मेंदूची? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात असा रुग्ण विषबाधेत मोडतो, कारण विष कोणतं ते ठाऊक असतं. मूळ सापडलं की वर्गीकरणातलं आजाराचं प्रकरण बदलतं, असं अनेकदा घडलंय. युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एकेकाळी भ्रमिष्टपणा आणि लकवा एकत्र असलेले कितीतरी रुग्ण असत. तो वेडाचाच एक प्रकार मानला जाई. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दिसले, आणि तो संसर्गजन्य रोगांत गेला. रुग्णाचे हाल आधीही तेच होते.

हे वर्ग शेताच्या धुऱ्यासारखे आहेत: माणसाने कामासाठी घातलेले, खालची जमीन सलग. पक्षाघात (स्ट्रोक) या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या रोगांत होता. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या रोगांत आला. अल्झायमर मज्जासंस्थेच्या प्रकरणात आहे, पण त्यातून येणारा स्मृतिभ्रंश मानसिक विकारांच्या.

म्हणूनच 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, याला काही झालेलं नाही' हे वाक्य मला फार घातक वाटतं. नैराश्याचं निदान करणारी रक्ततपासणी आज नाही, सीटी स्कॅनमध्येही ते दिसत नाही. ज्याची झोप उडाली, जेवण तुटलं, शेतात पाय वळत नाही, त्याचा आजार खराच असतो. गोळ्यांनी आणि समुपदेशनाने तो बराही होतो. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.