गोळीचं काम सुरू होतं तासांत, गुण येतो आठवड्यांनी

नैराश्यावरची गोळी सुरू केलेला माणूस आठव्या-दहाव्या दिवशी घरच्यांना सांगतो, "याचा काही गुण येत नाही." मळमळ, झोपमोड, जिवाची घालमेल मात्र सुरू झालेली असते. अनेक जण इथेच गोळ्या सोडतात. मला याची फार हळहळ वाटते, कारण नेमक्या याच दिवसांत मेंदूतल्या पेशींमध्ये मोठा बदल घडत असतो.

फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्राम ही नेहमीची औषधं. एक चेतापेशी दुसरीला निरोप देताना सेरोटोनिन हे रसायन सोडते आणि काम झालं की ते परत आत ओढून घेते. ही परतीची वाट औषध अडवतं, तीही काही तासांतच. नैराश्य म्हणजे निव्वळ सेरोटोनिनची कमतरता असती, तर दुसऱ्याच दिवशी उतार पडायला हवा होता. तसं होत नाही.

मेंदूला सेरोटोनिन पुरवणाऱ्या पेशी फार थोड्या. मेंदूत साधारण 8600 कोटी चेतापेशी आहेत, त्यांतल्या या काही लाखच. त्या मुख्यतः मेंदूच्या देठात, मध्यरेषेवर असतात आणि त्यांचे फाटे जवळपास सगळ्या मेंदूभर जातात. या पेशींच्या अंगावर स्वतःच्याच सेरोटोनिनची चाहूल घेणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. घरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा: पाणी चढलं की तो वर येतो आणि नळ बंद होतो. औषधामुळे पेशीभोवती सेरोटोनिन साठलं की हे ग्राही पेशीला आवरतात, तिचे संदेश मंदावतात. म्हणजे सुरुवातीला औषध एका हाताने देतं आणि पेशी दुसऱ्या हाताने काढून घेते.

पण गोळी रोज चालू राहिली की हे ग्राही बोथट होत जातात. 1980च्या दशकात कॅनडातल्या माँट्रियलमध्ये पिएर ब्लिए आणि क्लोद द माँतिन्यी या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युतसंदेश मोजले. औषधाच्या पहिल्या दोन दिवसांत ते घसरले होते, चौदा दिवसांनी पूर्ववत झाले होते. परतीची वाट तर बंदच होती, त्यामुळे आता कुठे पुढच्या मेंदूत सेरोटोनिन खऱ्या अर्थाने वाढतं. माणसात गुण दिसायला लागणारा काळही साधारण दोन ते चार आठवड्यांचाच.

मग त्या ग्राहींनाच आधी गप्प केलं तर? 1994 मध्ये बार्सिलोनातल्या फ्रान्सेस्क आर्तिगास यांच्या गटाने पिंडोलॉल हे रक्तदाबाचं औषध जोडीला देऊन तेच केलं. काही रुग्णांना लवकर उतार पडला. पण नंतरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. ग्राही हा गोष्टीचा एक भाग आहे; पेशींमधल्या जोडण्या नव्याने घडणं हाही उशिराचा एक वाटेकरी मानला जातो, आणि त्याला वेळ लागतोच.

औषधाशी जुळवून घेतलेली पेशी एका दिवसात जुन्या वळणावर जात नाही. म्हणून गोळी अचानक बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या पॅरोक्सेटिन या अशाच गोळीबाबत हे जास्त दिसतं. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं रसायन कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्याचा डोस जणू आपोआपच हळूहळू उतरत जातो. बाकीच्या गोळ्यांसाठी डॉक्टर तोच उतार हाताने आखून देतात, पायरीपायरीने.