ग्रीक शोकात्मिकेतील नियती आणि इच्छास्वातंत्र्य : ‘ईडिपस राजा’

ग्रीक शोकात्मिकेत घडते ते आधीच ठरलेले असते की पात्रांच्या स्वतःच्या निर्णयांतून घडते, हा प्रश्न प्रामुख्याने सॉफोक्लीझच्या (सु. इ.स.पू. ४९६–४०६) ‘ईडिपस राजा’ या नाटकाच्या संदर्भात चर्चिला जातो. थीब्जचा राजा ईडिपस याने आपला पिता लेअस याला नकळत ठार मारून माता जोकास्टा हिच्याशी विवाह केलेला असतो आणि हे सत्य शोधून काढल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो, अशी त्याची कथा आहे. नियतीविषयक कल्पना व्यक्त करण्यासाठी ग्रीकांकडे मोइरा (वाट्याला आलेला भाग), अनांके (अपरिहार्यता), तुखे (योगायोग) आणि दाइमोन (माणसाच्या मागे लागलेली दैवी शक्ती) अशा निरनिराळ्या छटांच्या संज्ञा होत्या. इच्छास्वातंत्र्याची स्वतंत्र संकल्पना मात्र इ.स.पू. पाचव्या शतकात घडलेली नव्हती. तिची तात्त्विक मांडणी पुढे स्टोइक (ग्रीक तत्त्वज्ञानाचा एक पंथ) आणि त्यानंतर ख्रिस्ती विचारवंतांनी केली. तथापि हेतुपुरस्सर केलेले कृत्य आणि नकळत घडलेले कृत्य यांतील भेद अथेन्सच्या कायद्याला व नाटककारांना चांगला परिचित होता, आणि नाटकाची चर्चा याच भेदाच्या आधारे करणे अधिक सयुक्तिक ठरते. मोइरा म्हणजे आपले प्रारब्ध नव्हे. प्रारब्ध हे पूर्वकर्माचे फळ असते. ईडिपसच्या वाट्याला आलेल्या मोइरेमागे त्याचे कोणतेही पूर्वकर्म सांगितलेले नाही.

वादाचे मूळ डेल्फायच्या कौलाच्या, म्हणजे तेथील अपोलो देवाच्या मंदिरातून मिळणाऱ्या भविष्यवाणीच्या, स्वरूपात आहे. होमरच्या ‘ओडिसी’मध्ये (सर्ग ११) ही कथा मोजक्या ओळींत येते. तेथे मातेचे नाव एपिकास्टी असून ती गळफास घेते, पण ईडिपस थीब्जवर राज्य करीत राहतो. कौलाचा आणि आंधळेपणाचा उल्लेखही नाही. नाटककार एस्किलसने इ.स.पू. ४६७ मध्ये सादर केलेल्या थीब्जविषयक नाट्यत्रयीपैकी शेवटचे नाटक तेवढे उपलब्ध आहे. त्यानुसार निपुत्रिक मरशील तर नगर वाचेल, असे अपोलोने लेअस राजाला तीनदा बजावले होते. हा कौल सशर्त आहे. लेअसला पर्याय होता आणि त्याने आज्ञा मोडली. युरिपिडीझ या नाटककारानेही ‘फिनिशियन स्त्रिया’ या नाटकात हीच धाटणी ठेवली आहे. सॉफोक्लीझच्या जोकास्टाचे निवेदन (ओळी ७११–७१४) वेगळे आहे : आपल्यापासून जो मुलगा होईल त्याच्या हातून मरण येण्याची मोइरा लेअसवर ओढवेल, एवढेच ती सांगते. ‘जो होईल’ या शब्दयोजनेत काही अभ्यासक सुप्त अट वाचतात. परंतु ‘मोइरा येईल’ हे मुख्य विधान निरपवाद असल्यामुळे कौल बिनशर्त मानणारा पक्ष अधिक सबळ दिसतो. अभ्यासक ह्यू लॉइड-जोन्स यांच्या मते लेअसच्या अपराधाचा वंशावरील शाप प्रेक्षकांना ठाऊक असल्यामुळे तो येथेही गृहीत आहे; मात्र ‘ईडिपस राजा’च्या संहितेत त्याला स्पष्ट आधार सापडत नाही.

दुसरा वाद पाठभेदाचा आहे. ओळ ३७६ मध्ये द्रष्टा टायरीसियस ईडिपसला उत्तर देतो. हस्तलिखितांतील पाठाचा अर्थ ‘तुझ्या हातून माझा पात व्हावा अशी मोइरा नाही’ असा होतो. ब्रुंक या संपादकाने अठराव्या शतकात सर्वनामांची अदलाबदल करून ‘माझ्या हातून तुझा पात व्हावा अशी मोइरा नाही, अपोलो त्यास समर्थ आहे’ असा पाठ सुचवला आणि बहुतेक आवृत्त्यांनी तो स्वीकारला. ‘तू मला इजा करू शकणार नाहीस’ या ईडिपसच्या लगतच्या बोलण्याशी सुधारित पाठ नीट जुळतो, हे खरे. अभ्यासक बर्नार्ड नॉक्स यांनी मात्र हस्तलिखितांचा पाठ उचलून धरला. ईडिपसचा ऱ्हास अपोलोनेच घडवून आणला, याचे हुकमी प्रमाण म्हणून ही ओळ उद्धृत केली जाते तेव्हा ते प्रमाण एका संपादकाच्या दुरुस्तीवर उभे आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

पितृहत्या आणि मातेशी विवाह या नियत घटना पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेलेल्या आहेत. रंगमंचावर दिसतो तो शोध. नगरात साथ पसरताच ईडिपस जोकास्टाचा भाऊ क्रीऑन याला डेल्फायला धाडतो, खुन्याला शाप देतो, जोकास्टा ‘शोध थांबव’ म्हणून विनवते तरी ऐकत नाही, आणि बोलायला राजी नसलेल्या वृद्ध मेंढपाळाचे हात पिरगाळून बांधण्याचा हुकूम सोडतो. यांपैकी काहीही कौलाने सांगितलेले नव्हते. अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी १९६६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच आधारावर ईडिपसला दैवाचे बाहुले ठरवणारे वाचन नाकारले, आणि त्याच्या ऱ्हासाला त्याचा नैतिक दोष कारण आहे हे मतही तितक्याच ठामपणे फेटाळले. या दुसऱ्या मताचा उगम ॲरिस्टॉटलच्या ‘हामार्तिया’ या संज्ञेच्या अर्थात आहे. ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणातील ही संज्ञा स्वभावदोषापेक्षा अज्ञानातून झालेल्या चुकीकडे निर्देश करते, असे आता सामान्यतः मानले जाते. डॉड्स यांच्या मांडणीला एक मर्यादा आहे : टायरीसियस ईडिपसच्या अंधत्वाचे भाकीत रंगमंचावरच करतो (ओळी ४५४–४५६). मात्र ते कोणाच्या हातून येईल हे तो सांगत नाही.

तो हात कोणाचा, हे नाटक दोनदा स्पष्ट करते. राजवाड्यातून आलेला दूत आतील अनर्थाचे वर्णन ‘जाणूनबुजून केलेला, नकळत नव्हे’ असे करतो (ओळ १२३०). आणि ईडिपस स्वतः म्हणतो की ही दुःखे अपोलोने पूर्णत्वास नेली, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच, अन्य कोणाचा नव्हे (ओळी १३२९–१३३२). एकाच घटनेमागे देव आणि माणूस दोघेही पूर्ण कारण असतात, या ग्रीक धारणेला अभ्यासक आल्बिन लेस्की यांनी दुहेरी प्रेरणा म्हटले आहे. या ओळी तिचे उत्तम उदाहरण होत.

नाटकाचा काळ अनिश्चित आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. ४३० मध्ये आलेल्या साथीचे पडसाद मानून तो सु. इ.स.पू. ४२९ किंवा त्यानंतरचा धरतात, नॉक्स इ.स.पू. ४२५ सुचवतात. इ.स.पू. ४०१ मध्ये मरणोत्तर सादर झालेल्या ‘कोलोनसमधील ईडिपस’मध्ये वृद्ध नायक आपली कृत्ये केलेली नसून सोसलेली होती, असा बचाव करतो.

पुढे क्रिसिप्पस या स्टोइकाने ‘सर्व नियत असेल तर प्रयत्न कशाला’ या आक्षेपाला उत्तर देताना हीच कथा वापरली. लेअसला ईडिपस हा मुलगा होणार हे नियत असेल, तर त्याने स्त्रीसंग केला काय आणि न केला काय, सारखेच, असे म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्रच नियत असतात. रोमन लेखक सिसेरोने ‘नियतीविषयी’ या ग्रंथात हा युक्तिवाद जतन केला आहे. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने आणले. युरिपिडीझच्या ‘ईडिपस’ नाटकाचे केवळ त्रुटित अंश उरले असून, त्यांपैकी एकात ईडिपसचे डोळे लेअसचे सेवक फोडतात. म्हणजे स्वतःचे डोळे फोडून घेण्याची कृती परंपरेने अटळ ठरवलेली नव्हती.