संगणकीकृत प्रमाणित चाचण्यांतील कॉपी

संगणकावर किंवा टॅबलेटवर घेतल्या जाणाऱ्या प्रमाणित चाचणीत विद्यार्थ्याने नियमबाह्य मदत घेणे, दुसऱ्याला देणे किंवा प्रश्न आधीच मिळवून बसणे, या सर्व प्रकारांना मिळून कॉपी म्हणतात. नियमावल्यांत त्यासाठी ‘गैरप्रकार’ हा शब्द वापरतात. प्रमाणित चाचणी सर्वांना सारख्या अटींवर दिली जाते आणि सारख्या पद्धतीने तपासली जाते. म्हणूनच एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन मुलांच्या गुणांची तुलना करता येते. कॉपीमुळे हा तुलनेचा पायाच खचतो. वर्गातल्या घटकचाचणीत कॉपी केली तर नुकसान मुख्यतः करणाऱ्याचे होते. प्रमाणित चाचणीत मात्र प्रामाणिकपणे सोडवणारे मूल काहीही चूक नसताना क्रमवारीत खाली जाते.

कागदी परीक्षेतली कॉपी बाकाच्या आसपास घडे : शेजारच्याची उत्तरपत्रिका, बाहीत दडवलेली चिठ्ठी, खिडकीतून आलेला कागद. संगणकामुळे यातले बरेच काही अवघड झाले. प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता येतो, त्यामुळे शेजाऱ्याचा ‘ब’ आपल्या कामाचा राहत नाही. पण एक नवी फट पडली, आणि ती जास्त मोठी आहे. शाळेत मुलांइतके संगणक क्वचितच असतात. मग चाचणी तुकड्या-तुकड्यांनी, कधी काही दिवस तर कधी काही आठवडे चालते. सकाळच्या तुकडीतले मूल बाहेर पडते आणि दुपारच्या तुकडीतल्या मित्राला सहज सांगते, “त्रिकोणावर दोन आहेत, आणि तो मधमाश्यांचा उतारा आलाय.” सांगणाऱ्याला यात आपण कॉपी पुरवतो आहोत असे वाटतही नाही. चाचणीशास्त्रात याला प्रश्नाचे पूर्वज्ञान म्हणतात, आणि संगणकीय चाचण्यांची खरी डोकेदुखी हीच आहे.

हे फार लवकर लक्षात आले होते. अमेरिकेतील जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर आली. १९९४ मध्ये कॅप्लान या शिकवणी कंपनीने आपले कर्मचारी परीक्षेला बसवले, त्यांनी प्रश्न पाठ करून आणले, आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात हे कंपनीने परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेला दाखवून दिले. ईटीएसने कंपनीवर दावा लावला, पण प्रश्नपेढी, म्हणजे चाचणीसाठीचा प्रश्नांचा साठा, अपुरी असल्याचे जगाला कळलेच. २००२ मध्ये चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात परीक्षार्थींनी आठवणीतून लिहिलेले प्रश्न संकेतस्थळांवर साठू लागले, तेव्हा त्या भागांत ही परीक्षा पुन्हा कागदावर न्यावी लागली.

अनुकूली चाचणीत ही अडचण आणखी गुंतागुंतीची होते. अशा चाचणीत आधीची उत्तरे पाहून पुढचा प्रश्न निवडला जातो : बरोबर आले तर अवघड, चुकले तर सोपा. प्रत्येकाला वेगळे प्रश्न येत असल्याने ही पद्धत सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात निवड करणारी प्रणाली मुलाच्या पातळीबद्दल सर्वांत जास्त माहिती देणारे प्रश्न शोधते, म्हणून पेढीतले मोजके उत्तम प्रश्न सतत वर येतात आणि तेच आधी फुटतात. एखादा प्रश्न किती वेळा दिसावा यावर मर्यादा घालण्याची सिम्पसन-हेटर पद्धत १९८५ मध्ये मांडली गेली ती याच कारणाने. २०२३ मध्ये अमेरिकेबाहेर आणि २०२४ मध्ये अमेरिकेत पूर्णपणे संगणकावर गेलेली एसएटी ही महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मधला मार्ग घेते. तिच्या प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसरा सोपा की अवघड हे ठरते.

खोलीतली कॉपीही संपलेली नाही. उत्तरपत्रिका बाकावर आडवी असते, मूल ती कोपराने झाकू शकते. पडदा उभा असतो, प्रकाशमान असतो आणि दोन रांगा मागूनही वाचता येतो. मधल्या पुठ्ठ्याच्या आडोशांनी जेवढे साधते तेवढे महागड्या सॉफ्टवेअरने साधत नाही, हे संगणककक्षात पर्यवेक्षण केलेला कोणीही सांगेल. चाचणीबाहेरचे काहीही उघडू न देणारे लॉकडाउन ब्राउझर आता सर्रास वापरतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेला ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ हा त्यांपैकी एक मुक्तस्रोत नमुना. असा ब्राउझर त्या एका यंत्राला बांधून ठेवतो. खिशातला फोन, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ किंवा कॅमेरा असलेला चष्मा त्याच्या हुकमतीत येत नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि पुढे ते चित्रही वाचू लागल्यापासून तर प्रश्नाचा फोटो एवढाच उत्तरासाठी पुरेसा ठरू लागला.

सर्वांत गंभीर प्रकारांमागे बहुतेकदा मोठी माणसे असतात. जेईई मेन २०२१ मध्ये परीक्षा केंद्रातील संगणकांचा दूरवरून ताबा घेऊन उमेदवारांऐवजी दुसऱ्यांनीच उत्तरे भरल्याचा आरोप झाला आणि सीबीआयने गुन्हा नोंदवला. अमेरिकेतील अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली होती. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. त्या चाचण्या कागदी होत्या. संगणकावर खोडरबर नसतो, पण मुलाच्या मागे उभे राहून “हा परत एकदा बघ” म्हणणारे शिक्षक असू शकतात. गुणांवर शाळेचा निधी आणि शिक्षकाची नोकरी टांगली की असे घडते. एखाद्या मोजमापावर निर्णय जितके अवलंबून ठेवाल तितके ते मोजमाप भ्रष्ट होते, असे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच सांगितले होते.

शोध घेण्याच्या कामी संगणक कागदाच्या फार पुढे आहे, कारण तो प्रत्येक क्लिकची वेळ नोंदवतो. समजा, एका प्रश्नाआधी दीडशे शब्दांचा उतारा आहे. तो वाचायलाच पाऊण मिनिट लागते. नोंदीत मात्र प्रश्न उघडल्यापासून उत्तर निवडेपर्यंत सहा सेकंद दिसतात, आणि उत्तर बरोबर आहे. असा एक प्रश्न काहीच सिद्ध करत नाही. कंटाळून भराभर पर्याय दाबणारे मूलही सहा सेकंदच घेते, आणि चारांतून एकदा त्याचेही बरोबर येते. शिवाय त्याच उताऱ्यावरचा आधीचा प्रश्न सोडवताना मुलाने तो नीट वाचलेला असू शकतो. संशय बळावतो तो नमुन्यावरून : फुटल्याचे माहीत असलेल्या बारा अवघड प्रश्नांची उत्तरे झटपट आणि बरोबर, आणि नव्या कोऱ्या सोप्या प्रश्नांवर तेच मूल अडखळलेले. याला जोडून दोन मुलांच्या चुकीच्या उत्तरांचे साम्य पाहतात. बरोबर उत्तर एकच असते, त्यामुळे ते जुळण्यात नवल नाही. तेच तेच चुकीचे पर्याय जुळत गेले तर मात्र थांबून पाहावे लागते.

आकडेवारी संशयाची जागा दाखवते. मुलाच्या मनात काय होते हे ती सांगत नाही. हा फरक घरून दिलेल्या चाचण्यांत विशेष जाणवतो. कॅमेऱ्यातून देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला नजर इकडेतिकडे जाणे, ओठ हलणे, खोलीत दुसरा आवाज येणे हे सारे संशयाची खूण वाटते. आकडेमोड करताना पुटपुटणारे मूल, एकाच खोलीत धाकट्या भावंडांसोबत राहणारे मूल, सतत हालचाल करावी लागणारे मूल या जाळ्यात नाहक सापडते. सावळ्या चेहऱ्यांची ओळख पटवण्यात अशी सॉफ्टवेअर चुकल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. परीक्षेआधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावणे ही घटनाबाह्य झडती आहे, असा निकाल अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका संघराज्य न्यायालयाने २०२२ मध्ये विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याच्या दाव्यात दिला. न्यू जर्सीत २०१५ मध्ये चाचणी तयार करणारी कंपनी फुटलेल्या प्रश्नांच्या शोधात विद्यार्थ्यांचे समाजमाध्यमांवरील लिखाण तपासते हे उघड झाले, तेव्हाही पालक संतापले होते. प्रश्न जपायचे आहेत म्हणून मुलावर पाळत ठेवण्याला मर्यादा हवीच.

शिक्षेबाबत एकवाक्यता नाही. भारताच्या २०२४ च्या सार्वजनिक परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायद्यात संगणक-जाळ्यातील फेरफारासारखे गैरप्रकार संघटितपणे केल्यास किमान ५ वर्षांची कैद आणि किमान १ कोटी रुपयांचा दंड आहे. परीक्षार्थीला मात्र हा कायदा लागू होत नाही, त्याच्याबाबत परीक्षा संस्थेचे स्वतःचे नियम चालतात. अनेक चाचणीसंस्था ‘कॉपी केली’ असा ठपका न ठेवता ‘गुण ग्राह्य धरता येत नाहीत’ एवढेच कळवतात आणि पुन्हा चाचणी देण्याची संधी देतात. ही पुनर्चाचणी न फुटलेल्या प्रश्नांवर घेतात, आणि मूल तेव्हाही तेवढेच गुण मिळवते तेव्हा पहिले गुण त्याचेच होते हे मान्य करतात. फुटलेला प्रश्न पेढीतून कायमचा काढला जातो, आणि त्याच्या जागी नवा प्रश्न लिहून, आधी गुण न मोजता मुलांवर पडताळून, मगच आत घेतला जातो.