हवेचा विरोध नगण्य माना

अकरावीच्या भौतिकशास्त्रात प्रक्षेपकाचं, म्हणजे फेकलेल्या वस्तूचं, गणित आलं की एक सूचना ठरलेली असते: ‘हवेचा विरोध नगण्य माना.’ आपण निमूटपणे मानतो, सूत्रात 45 अंश घालतो आणि मार्क पदरात पाडून घेतो. याच सूचनेपायी पुस्तकी तोफविद्या शंभरेक वर्षं चुकत राहिली, हे मात्र कुणी सांगत नाही.

ते 45 अंश आले निकोलो तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाकडून. 1537 साली त्यानं लिहिलं की तोफेचा गोळा सर्वांत लांब जातो तो याच कोनात. गोळ्याची वाट त्यानं कशी काढली होती? आधी सरळ रेषा, मग वर्तुळाचा तुकडा, शेवटी थेट खाली. आज हे चित्र बालिश वाटतं. 1638 मध्ये गॅलिलिओनं ते मोडीत काढलं आणि दाखवलं की वाट अन्वस्ताकार (पॅराबोला) असते, चढताना जशी तशीच उतरताना. बंदुकीच्या अफाट वेगाला हे लागू पडणार नाही, असंही त्यानं बजावलं होतं. पण त्याच्या मागून आलेल्यांना सूत्र आवडलं, इशारा नाही. हवा ती काय, आणि शिशाच्या गोळीला ती काय अडवणार?

हे मोजून पाहिलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजानं. अडचण अशी की सेकंदाला पाचशे मीटर धावणारी गोळी अठराव्या शतकात मोजायची कशानं? 1742 मध्ये त्यानं उपाय छापला, आणि तो इतका साधा आहे की हेवा वाटावा. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यात गोळी झाडायची. गोळी रुतते, ठोकळा झुलतो. किती झुलला ते मोजायला खाली एक फीत.

समजा गोळी 38 ग्रॅमची आणि ठोकळा 25 किलोचा. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, अक्षय्य राहतो, म्हणून गोळीसकट ठोकळा सेकंदाला पाऊण मीटर वेगानं निघतो आणि जेमतेम 3 सेंटिमीटर वर चढतो. तेवढ्यावरून मूळ वेग उलटा काढता येतो. इथे गतिज ऊर्जेचं समीकरण मांडणारा विद्यार्थी हमखास फसतो, कारण गोळीची 99 टक्क्यांहून जास्त ऊर्जा लाकूड फोडण्यात आणि उष्णतेत संपलेली असते.

मग रॉबिन्सनं ठोकळा बंदुकीपासून लांब लांब नेत पुन्हा बार काढले. वाटेत हवेनं वेग किती खाल्ला ते आता थेट दिसू लागलं. नळीतून नुकत्याच सुटलेल्या गोळीवर हवेचा विरोध तिच्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक निघाला! सूत्राप्रमाणे अशी गोळी 45 अंशांत 25 किलोमीटरहून जास्त जायला हवी. प्रत्यक्षात ती एखाद्या किलोमीटरच्या आसपास पडते, आणि पडते तीही चढली त्यापेक्षा फार उभी. म्हणजे दिसायला तरी तार्ताल्याचंच चित्र खऱ्याच्या जवळ होतं. वेग ध्वनीच्या वेगापलीकडे गेला की विरोध एकदम वाढतो, हेही रॉबिन्सच्या नजरेतून सुटलं नाही. स्वनातीत विमानं तेव्हा स्वप्नातही नव्हती.

मला त्याचा सर्वांत आवडणारा प्रयोग मात्र वाकड्या बंदुकीचा. नळीचं तोंड त्यानं मुद्दाम डावीकडे वाकवलं आणि समोर ओळीनं पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी अर्थातच डावीकडे सुटली, पण पडद्यांवरची भोकं जोडली तर वाट वळत वळत उजवीकडे गेलेली! वाकलेल्या नळीच्या उजव्या बाजूला घासत आल्यामुळे गोळीला फिरकी बसली होती आणि फिरणाऱ्या गोळीला हवा एका अंगाला ढकलत होती. 1745 मध्ये ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानं रॉबिन्सचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, त्यावर मूळ मजकुराहून मोठं भाष्य लिहिलं, पण फिरकीची गोष्ट काही त्याला पटली नाही. त्याच्या मते दोष गोळीच्या ओबडधोबड आकाराचा.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीनं किल्ल्यांच्या डागडुजीसाठी रॉबिन्सला हिंदुस्थानात पाठवलं. 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तो वारला, वय अवघं 44. त्यानंतर शतकभरानं, 1852 मध्ये, जर्मनीतल्या हाइनरिश मॅग्नसनं फिरकीचा हाच परिणाम पुन्हा तपासला आणि नाव त्याचं लागलं. फिरकीपटूचा चेंडू हवेतच ‘ड्रिफ्ट’ झाला असं समालोचक म्हणतात, तेव्हा चाललेला असतो तो हाच प्रकार.