ट्रोपचं कार्ड आणि 'माइल्ड अटॅक'

नाशकात कुणाच्या छातीत दुखलं की पहिला संशय सकाळच्या मिसळीवर. मग कार्डिओग्रामची पट्टी निघते, ती नॉर्मल आली तरी डॉक्टर ट्रोप करायला लावतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिनची टेस्ट, तिच्या कार्डवर दुसरी रेघ फिकट का होईना उमटली की घरचे फोनवर सांगत सुटतात, काही नाही, माइल्ड अटॅक होता. मी लॅबमध्ये बसतो, हे वाक्य रोज ऐकतो.

पट्टी जुनी. अटॅकमध्ये तिच्यातला एसटी नावाचा भाग वर उचलला जातो हे १९२० सालीच छापून आलं होतं. रक्तात काही सापडायला १९५४ उजाडलं, तेव्हा एसजीओटी नावाचं एन्झाइम वाढलेलं दिसलं, जी टेस्ट आज आपण कावीळवाल्याची करतो. पुढे स्नायूतलं एन्झाइम सीपीके, मग त्याचाच मुख्यतः हृदयातला प्रकार एमबी, पण हातापायाच्या स्नायूला मार लागला तरी सीपीके वाढायचंच.

खरी गंमत २००० सालची. तोवर नियम असा की दुखणं, पट्टी आणि एन्झाइम यातलं दोन जुळलं तर अटॅक. पट्टी गोलमाल, एमबी नॉर्मल, मग तो अनस्टेबल अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय पण अटॅक नाही, दोन दिवसांनी घरी. २००० मध्ये युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी ट्रोपोनिनला मधोमध बसवलं, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव निरोगी माणसांत जेवढं सापडतं त्याच्या वर गेलं, चढ-उतार दिसला आणि सोबत दुखणं किंवा पट्टीत बदल असला तर तो अटॅकच. माणूस तोच, दुखणं तेच, फाइलवरचं नाव बदललं. माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण असे पेशंट नंतर दगावायचे. पण एसटी न उचललेल्या या अटॅकला, म्हणजे एनस्टेमीला, लोकांनी माइल्ड करून टाकलं आणि गोळ्या महिन्याभरात बंद.

विमावाल्यांनी तर वेगळंच केलं. क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजाराच्या पॉलिसीसाठी अटॅकची जी व्याख्या २०१३ मध्ये आपल्याकडे ठरली त्यात फक्त ट्रोपोनिन वाढलेला एनस्टेमी चक्क वगळला होता, नंतर ते वाक्य निघालं, पण जुनी पॉलिसी असलेल्याने कागद काढून बघावेत. डॉक्टर म्हणतात अटॅक, पॉलिसी म्हणते नाही!

मग टेस्ट इतकी बारीक झाली की किडनीवाले, सेप्सिसवाले (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेले), सगळ्यांचंच ट्रोप वर, म्हणून २०१८ मध्ये हृदयाच्या स्नायूला नुसती इजा वेगळी आणि अटॅक वेगळा असं लिहून द्यावं लागलं. आता वाद आहे तो एसटी न उचलताही हृदयाची रक्तनळी पूर्ण बंद असलेल्यांचा, त्यांना ती उघडायला लगेच कॅथलॅबमध्ये न्यायचं की नाही.

आणि सातपूरहून शिफ्ट सोडून तासाभरात आणलेल्या माणसाचं कार्ड कोरं येऊ शकतं, ट्रोप रक्तात उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणून परत रक्त घ्यावं लागतं, तर नातेवाईक विचारतात, एकाच टेस्टचे दोनदा पैसे कसले?